पगडीवाले आहेत, लिफ्टवाला कुठाय?

प्रति,
माननीय संचालक,
डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय,
भायखळा, मुंबई



मी लिफ्ट मेकॅनिक आहे. राहायला बदलापूरला. बावीस वर्षं मुंबईत कामाला येतोय, पण माझी मुंबई उभी आहे. टॉवरच्या शाफ्टमध्ये केबिनच्या टपावर उभं राहून खाली-वर करायचं. समोर भिंत, बाजूला रोप, हाताला ग्रीस. मशिनरूमच्या दारातून कधी समुद्र दिसतो, तेवढ्यात फोन वाजतो: बी विंग, सतरावा मजला, दरवाजा अडकलाय. आडवी मुंबई, म्हणजे जी पायी चालून बघतात ती, मला फारशी माहीत नाही.

लेक तिसरीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिनं हट्टच धरला, की पप्पा, तू रोज जातोस ती मुंबई दाखव. माझा वीकली ऑफ बुधवारी, आणि राणीची बाग व तुमचं संग्रहालय, दोन्ही बंद बुधवारी. तक्रार नाही, कुठला तरी वार बंद ठेवावाच लागतो. गुरुवारी रजा टाकली आणि पहाटेच्या लोकलनं निघालो.

सीएसएमटीला उतरून फाउंटनवरून चालत काळ्या घोड्याला आलो. तिथं 2017 मध्ये बसवलेला नवा घोडा आहे. ती त्याच्याभोवती एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "वर बसणारा कुठे गेला?"

मला काय माहीत! पार्किंगची पावती फाडणारे एक काका उभे होते, ते म्हणाले, "तो साहेब भायखळ्याला. राणीच्या बागेत. कधीचाच." पोरीनं लगेच निकाल दिला, की आपण त्याला बघायला जायचं. माझा बेत गेटवेचा होता. पण घोडा इथं आणि स्वार भायखळ्यात, हे तिला काही केल्या पटेना. बाकीची मुंबई राहिली बाजूला. परत सीएसएमटी, स्लो लोकल, मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा. स्टेशनबाहेर एकेक वडापाव, मला कटिंग.

तुम्हाला हे सगळं पाठ असेल, पण मला त्या दिवशी कळलं. जुना घोडा स्वारासकट 1965 साली इकडे हलवला. वर बसलेले सातवे एडवर्ड, पुतळा बसवला तेव्हाचे युवराज. पुतळा दिला होता अल्बर्ट ससून यांनी, 1879 मध्ये. आणि तुमच्या आवारातल्या घड्याळाच्या मनोऱ्याला नाव त्यांच्या वडिलांचं, डेव्हिड ससून यांचं. बाप घड्याळात, मुलाचा घोडा शेजारी. लेकीला मात्र राजाशी काही देणंघेणं नव्हतं. "सापडला एकदाचा," म्हणाली आणि पुढं चालू लागली.

पुढं हत्ती. तुमच्या इमारतीबाहेरचा, घारापुरीचा. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं ते ह्याच्यामुळं. 1864 मध्ये इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे इथं आणून टाकले आणि पुढं पन्नास वर्षांनी जोडले. हे ऐकल्यावर मी काय केलं असेल? सांधे बघत बसलो. धंद्याची खोड. लोड किती, दोर कुठं बांधला होता, उचलायच्या आधी कुणी तपासलं होतं का? आमच्याकडं रोपचे नुसते काही धागे तुटले तरी लिफ्ट बंद करून बोर्ड लावतात. लेक म्हणाली, "पप्पा, तू असतास तर पडला नसता." मी काही बोललो नाही. मी असतो तर हत्ती धड विलायतेला पोचला असता आणि आम्हाला बघायला मिळाला नसता.

मग आत आलो, तुमच्याकडं. खरं पत्र इथून पुढं आहे.

खालचं दालन तिनं भराभर उरकलं. लोखंडी खांब, सोनेरी नक्षी, मोठा पुतळा, ठीक आहे. मी मात्र खांबांकडं बघत राहिलो, ओतीव काम काय असतं ते कळतं मला. वर गेल्यावर तिचे पाय थांबले. मातीची छोटी माणसं. कुणाच्या डोक्यावर पगडी, कुणाच्या पागोटं, कुणाच्या हातात धंद्याचं सामान, प्रत्येकाचं उभं राहणं वेगळं, नेसणं वेगळं. मुंबईत कोण कोण राहत होतं आणि काय काय करून पोट भरत होतं, ते वीतभर उंचीत. ती काचेला नाक लावून एकेकापुढं उभी राहायची, दोन मिनिटं, तीन मिनिटं. काचेवर नाकाचा डाग पडला तो मी रुमालानं पुसला. राणीच्या बागेतल्या पेंग्विनना तिनं याच्या निम्मा वेळसुद्धा दिला नाही.

सगळी कपाटं झाली. मग पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, काय शोधतेस?

"लिफ्टवाला कुठाय?"

मी हसलो. सांगितलं, अगं, ही शंभर वर्षांपूर्वीची माणसं, तेव्हा लिफ्टवाले कितीसे असणार. ती म्हणाली, "मग आत्ताची माणसं कुठल्या खोलीत आहेत?"

साहेब किंवा बाईसाहेब, या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. तुम्ही द्यावं म्हणून हे लिहितोय.

तुमच्याकडं आजच्या चित्रकारांची प्रदर्शनं भरतात हे मला माहीत आहे. माझं म्हणणं त्या कपाटाबद्दल आहे. मी घरी येऊन थोडं वाचलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेसिल बर्न्स नावाचे गृहस्थ तुमचे क्युरेटर होते, जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे प्राचार्यही तेच. त्यांच्या काळात ही मॉडेलं घडवायला सुरुवात झाली. म्हणजे बघा, ही माणसं घडवली तेव्हा ती जुनी नव्हती. रस्त्यावर चालती-फिरती होती. कुणीतरी बाहेर जाऊन त्यांची पगडी कशी बांधलेली आहे ते नीट बघितलं आणि आत येऊन माती मळली. आज आपण तिथं उभं राहून इतिहास बघतो, पण करणाऱ्यांच्या लेखी ते शेजारीपाजारी होते. मग ती रांग पगड्यांपाशी का थांबावी?

माझे वडील गिरणीत साचे खात्यात होते. 1982 चा संप झाला, त्यातून आमचं घर काही सावरलं नाही. लालबाग सुटलं, बदलापूर गाठलं. आता जुन्या गिरण्यांच्या जमिनींवर जे टॉवर आहेत, त्यांतल्या काहींच्या लिफ्ट माझ्याकडं मेंटेनन्सला आहेत. वडिलांना मी एकदा वर नेणार होतो, गच्चीवरून दाखवायला. राहून गेलं. त्यांचा एक फोटो आहे लग्नातला, टोपी घातलेला. साच्यापुढं उभे असतानाचा एकही नाही. कोण काढणार?

म्हणून विनंती. त्याच मजल्यावर एक कपाट मोकळं करा, छोटं चालेल. त्यात आजची माणसं ठेवा, तेवढीच वीतभर, मातीचीच. पाठीवर चौकोनी पिशवी घेतलेला डिलिव्हरीवाला पोरगा. लोकलच्या दारात ओढणी खोचून उभी असलेली बाई. मलमपट्टीची ट्रॉली ढकलणारी सिस्टर. केबल ओढणारा. साचे खात्यातला कामगार, कारण तोही आता पगडीवाल्यांइतकाच लांब गेलाय. माती शाडूची घ्या, गणपतीची. लालबाग-परळच्या कारखान्यांतले मूर्तिकार तुमच्यापासून फार लांब नाहीत, एकेकाचा हात असा आहे की बोटभर जागेत डोळे बोलके करतात. आणि माणसं कुठली घडवायची ते महापालिकेच्या शाळांतल्या पोरांना ठरवू द्या. त्यांना आई-बापाला सोबत घेऊन यायला सांगा, शाळेची सहल म्हणून नको. सहलीत बाई पुढं आणि रांग मागं, काचेला नाक लावायला वेळ कुठं मिळतो? आणि माझ्यासारखा बापही त्या निमित्तानं एकदा आडवी मुंबई चालेल. तो मुलाला काय सांगेल ते तुमच्या पाटीवर नसेल, आणि चुकीचंही असेल थोडं. चालतंय की.

तुमच्या संग्रहालयाचं नाव 1975 साली बदललं, राणीचं आणि तिच्या नवऱ्याचं जाऊन भाऊ दाजींचं आलं. ते स्वतः गोव्यातून लहानपणी मुंबईला आलेले, शिकून डॉक्टर झाले, गरिबांना फुकट औषध दिलं आणि हे संग्रहालय उभं राहावं म्हणून धडपडले. बाहेरून येऊन ही मुंबई उभी करणारांत तेही आलेच, म्हणून त्यांच्या नावावर एवढा हक्क सांगतोय.

परतीच्या गाडीत सीट मिळाली. कुर्ल्याला ती मांडीवर झोपली ती थेट अंबरनाथ गेल्यावर उठली आणि पहिला प्रश्न, "लिफ्टवाल्याच्या हातात काय असतं?" म्हटलं, पाना आणि टॉर्च. घरी माती नव्हती म्हणून बायकोनं कणीक मळायला दिली तिला. रात्री साडेनऊला आमचा लिफ्टवाला तयार. पोट माझ्यासारखं, डोक्यावर हेल्मेट, ते मात्र पगडीसारखं दिसतं. पाना काडेपेटीच्या काडीचा. टीव्हीशेजारी वाळत ठेवला होता, दुसऱ्या दिवशी उजव्या हाताला तडा गेला. फेविकॉलनं जोडलाय. सांधा दिसतो.

तो कपाटात ठेवण्याच्या लायकीचा नाही, त्याला मुंग्या लागतील. पण खरी शाडू माती कुठं आणि कधी घेऊन यायची, तेवढं कळवा. बुधवार सोडून सांगा, म्हणजे मला रजा टाकता येईल.

आपला,
बदलापूरचा एक लिफ्ट मेकॅनिक