जपानचे नववे कलम आणि मित्सुबिशीची क्षेपणास्त्रे

युद्ध करण्याचा राष्ट्राचा हक्क आपण कायमचा सोडून देत आहोत, आणि भूदल, नौदल, वायुदल अथवा अन्य कोणतेही युद्धसामर्थ्य बाळगणार नाही, असे जपानच्या राज्यघटनेचे नववे कलम सांगते. ३ मे १९४७ पासून अमलात असलेल्या या घटनेचे एक अक्षरही आजवर बदललेले नाही. तरीही त्याच देशात लढाऊ विमाने तयार होतात, त्यांच्या पंखांखाली स्वदेशी क्षेपणास्त्रे असतात, आणि ब्रिटन व इटली यांच्या भागीदारीत २०३५ पर्यंत नवे लढाऊ विमान सिद्ध करण्याची योजना आखली गेली आहे. कलम जागच्या जागी राहिले, अर्थ मात्र उलटा झाला. हे कसे घडले याची साक्ष हवेतून हवेत मारा करणारे क्षेपणास्त्र जितकी स्पष्ट देते, तितकी दुसरे कोणतेही शस्त्र देत नाही.

कारण हे शस्त्र दिसावयास सर्वांत निरुपद्रवी. ते शहर बेचिराख करीत नाही. आकाशात आलेल्या विमानावर तेवढे झेपावते. ‘निव्वळ संरक्षण’ या शब्दप्रयोगात ते सहज बसते. म्हणूनच शस्त्रनिर्मितीचे दार किलकिले करण्यास ते सोयीचे ठरले.

युद्धात ‘झीरो’ विमान बनविणाऱ्या मित्सुबिशीला पराभवानंतर विमाने बांधण्याची मनाई होती. १९५२ साली ती उठली आणि १९५४ साली ‘आत्मसंरक्षण दले’ स्थापन झाली. नाशिकजवळच्या ओझरला सोव्हिएत परवान्याने मिग विमाने तयार झाली, तशीच अमेरिकन परवान्याने मित्सुबिशीने प्रथम सेबर, मग स्टारफायटर, फँटम आणि ईगल ही विमाने बांधली. १९६९ साली ‘एएएम-१’ हे पहिले जपानी क्षेपणास्त्र वायुदलात आले. अमेरिकेच्या साइडवाइंडरच्या धर्तीचे हे अस्त्र शत्रुविमानाच्या इंजिनाची उष्णता हुंगत जाई. त्याचा पल्ला अगदी थोडा होता. १९९० साली ‘एएएम-३’ आले. १९९९ च्या ‘एएएम-४’ ने मोठीच मजल मारली. जुन्या स्पॅरो क्षेपणास्त्राला लक्ष्य गाठेपर्यंत विमानाच्या रडारचा आधार लागे. या नव्या अस्त्राने स्वतःचेच रडार वाहून नेले आणि नजरेपलीकडचे विमान टिपण्याची शक्ती मिळविली. २००४ साली ‘एएएम-५’ त्यात सामील झाले.

पल्ला असा वाढत असता संसदेतील विरोधक झोपलेले नव्हते, हे विसरता कामा नये. १९६८ साली फँटम विमानाची निवड झाली तेव्हा, बाँबफेक करू शकणारे हे विमान ‘संरक्षणाचे’ कसे, असा सवाल समाजवादी पक्षाने सरकारला केला. परिणामी जपानसाठी बांधलेल्या फँटममधून बाँबफेकीची यंत्रणा आणि हवेतल्या हवेत इंधन घेण्याची सोय काढून टाकावी लागली. लोकप्रतिनिधींच्या प्रश्नांनी एका विमानाचे दात काढले! १९६७ साली सातो सरकारने शस्त्रनिर्यातीवर निर्बंध घातले, १९७६ साली मिकी सरकारने ते जवळजवळ संपूर्ण बंदीइतके कडक केले, आणि त्याच वर्षी संरक्षणखर्चाला राष्ट्रीय उत्पन्नाच्या १ टक्क्याची मर्यादा घातली. ही सरकारे काही शांततावादी नव्हती. जनमताच्या रेट्यापुढे ती नमली.

पुढे एकेक बांध फुटत गेला. नाकासोने सरकारने १९८७ च्या अंदाजपत्रकात १ टक्क्याची मर्यादा ओलांडली. १९९४ साली खुद्द समाजवादी पक्षाचे अध्यक्ष मुरायामा पंतप्रधान झाले आणि आत्मसंरक्षण दले घटनेशी सुसंगत आहेत असे त्यांनी जाहीर केले. सत्तेच्या खुर्चीसाठी दिलेली ही किंमत त्या पक्षाला पुन्हा कधीच भरून काढता आली नाही. प्रश्न विचारणारा क्षीण झाला, की उत्तर देण्याची गरज कोणाला उरते?

निर्यातीचे दार एप्रिल २०१४ मध्ये आबे सरकारने उघडले, आणि अवघ्या तीन महिन्यांत त्यातून जी प्रकरणे बाहेर पडली, त्यांत एक हवाई क्षेपणास्त्राचेच होते. ‘एएएम-४’ हे अमेरिकेकडून घेतलेल्या एफ-३५ विमानाच्या पोटात मावत नव्हते; म्हणून त्याचा लक्ष्यवेधी भाग युरोपच्या मीटिऑर क्षेपणास्त्राला जोडण्यासाठी ब्रिटनशी संयुक्त संशोधन मंजूर झाले. यामागचे अर्थकारण साधे आहे. गिऱ्हाईक एकच, म्हणून उत्पादन थोडे. उत्पादन थोडे, म्हणून किंमत अवाढव्य. एफ-२ विमानांचे उत्पादन १०० चा आकडाही न गाठता २०११ साली थांबले. कारखाना चालू ठेवायचा तर परदेशी गिऱ्हाईक हवे, आणि गिऱ्हाईक हवे तर कायदा वाकवायला हवा. मार्च २०२४ मध्ये, ब्रिटन-इटलीसह बनणारे विमान तिसऱ्या देशांना विकण्यास मंत्रिमंडळाने अनुमती दिली.

जपानपुढील धोके काल्पनिक आहेत, असे कोणी म्हणणार नाही. २०१६-१७ या एका वर्षात जपानी विमानांना परकीय विमाने अडविण्यासाठी १,१६८ वेळा उड्डाण करावे लागले, आणि उत्तर कोरियाची क्षेपणास्त्रे जपानवरून गेली आहेत. परंतु संरक्षणाची गरज मान्य केली, तरी ती कोण ठरवणार आणि तिची किंमत कोण मोजणार, हे प्रश्न उरतातच. डिसेंबर २०२२ मध्ये पाच वर्षांसाठी ४३ लाख कोटी येनांचा खर्च ठरला आणि शत्रूच्या भूमीवर ‘प्रतिप्रहार’ करण्याचे सामर्थ्यही त्यात आले. पैसा उभारण्याच्या योजनेत २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतरच्या पुनर्रचनेसाठी बसविलेला आयकरावरील अधिभार १ टक्क्याने कमी करून तितकाच नवा अधिभार संरक्षणासाठी लावण्याचे, आणि पुनर्रचनेचा कर अधिक वर्षे वसूल करण्याचे ठरले. आपद्ग्रस्तांच्या नावाने दिलेल्या कराची जागा अशी शस्त्रांनी घेतली.

हा विषय भारतापासून दूरचा नाही. नव्या विमानाची विक्री संरक्षणसामग्रीचा करार केलेल्या देशांनाच करावयाची, असे २०२४ साली ठरले. आणि असा करार भारताने २०१५ सालीच केला आहे. आशियातील शस्त्रस्पर्धेत आणखी एका विक्रेत्याची भर पडली, तर त्याचे बिल येथील शेतकरी-कामगारांच्या माथीही येऊ शकते.

जपानची घटना बदलण्याचा मार्ग घटनेतच दिलेला आहे: संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मते आणि त्यानंतर जनतेचा कौल. सत्ताधाऱ्यांनी तो मार्ग आजवर टाळला, कारण जनता नकार देईल ही त्यांना धास्ती होती. म्हणून मंत्रिमंडळाच्या ठरावांनी आणि कारखान्यांच्या नकाशांनी ते काम उरकले. शस्त्रे हवीत की नकोत, याचा निर्णय जपानी जनतेने करावा. पण तो तिलाच करू द्यावा, एवढे तरी लोकशाहीचे मागणे आहे.