दरीत हरवणारा ‘सुवर्णतास’

२८ जुलै २०१८ रोजी पोलादपूर-महाबळेश्वर मार्गावरील आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. एक जण वगळता बसमधील सर्व जण दगावले. बचावलेला एकमेव प्रवासी दरी चढून वर आला, तेव्हा अपघाताची वार्ता जगाला कळली. मृतदेह वर काढण्यासाठी स्थानिक गिर्यारोहकांना दोर लावून खाली उतरावे लागले.

बालाघाट-बैहर मार्गावरील घाटातून ये-जा करणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये. अपघातग्रस्तास मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले. २०२५ मध्ये दीड लाख रुपयांपर्यंतच्या रोकडरहित उपचारांची योजना आली. दुखापतीनंतरच्या पहिल्या तासाचे मोलही कायद्याने मान्य केले आहे. मात्र या तरतुदींचा लाभ जखमी रस्त्यापर्यंत पोहोचला तरच मिळतो. दरीत पडलेल्याचा तो तास शोधण्यात आणि वर आणण्यातच सरतो.

म्हणूनच घाटालगतच्या पोलीस ठाण्यांत दोर, कप्पी व स्ट्रेचर असावे आणि रानवाटा जाणणाऱ्या गावकऱ्यांना ते हाताळण्याचे प्रशिक्षण मिळावे. रुग्णवाहिका रस्त्यापर्यंतच येते. तिथून खाली उतरणारी माणसे अपघातापूर्वीच सज्ज असावी लागतात.