चलान नंबरावर फाटतं, माणसावर नाही

जुलै २०२५च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या मालवाहतूकदारांनी संप केला, तेव्हा त्यांच्या मागण्यांमधली एक मोठी मागणी ई-चलानबद्दल होती. त्याच महिन्यात राज्यातल्या वाहतूक पोलिसांसाठी एक परिपत्रक निघालं: स्वतःच्या खाजगी मोबाइलवर गाड्यांचे फोटो काढायचे आणि नंतर सवडीनं चलान मशीनमध्ये टाकायचे, हा प्रकार बंद करा. बातम्यांमध्ये हे ‘पोलिसांना दणका’ या छापाचं आलं आणि दोन दिवसांत विरून गेलं. मला मात्र त्यात आपल्या सगळ्यांच्या कामाचा एक मुद्दा दिसला. खरं तर तो कायद्याचा कमी आणि डेटाचा जास्त आहे.

पूर्वी पावती फाडायचे तेव्हा हवालदार समोर असायचा आणि तुम्ही त्याच्यासमोर. वाद व्हायचा, पण दोघांनाही माहीत असायचं की गाडी कोणती आणि चालवतंय कोण. ई-चलानमध्ये तसं काही नसतं. सिस्टिमसाठी तुम्ही म्हणजे गाडीचा नंबर, बस. त्या नंबरवरून ‘वाहन’ या राष्ट्रीय डेटाबेसमधून मालकाचं नाव आणि मोबाइल क्रमांक काढला जातो, आणि त्या क्रमांकावर मेसेज जातो. इतक्या सरळ साखळीतही बिघडण्याच्या जागा भरपूर आहेत.

पहिली जागा म्हणजे नंबर वाचणं. कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर फोटोमधून अक्षरं ओळखतं. चिखल, वाकलेली प्लेट, ‘दादा’ आणि ‘बॉस’ वाचता यावं म्हणून मुद्दाम विचित्र आकारात रंगवलेले आकडे, यातलं काहीही असलं की ३चा ८ आणि बीचा ८ व्हायला वेळ लागत नाही. पोलिसानं मशीनमध्ये हातानं नंबर टाकला तरी तेच, फक्त चूक करणारा बदलतो. १ एप्रिल २०१९ आधी नोंदणी झालेल्या गाड्यांना एचएसआरपी प्लेट सक्तीची झाली, तिची मुदत अनेकदा वाढली, आणि आपण सगळ्यांनी तिच्यावर मीम्स केले. पण ठरलेला फॉन्ट आणि लेझरनं कोरलेला वेगळा क्रमांक असलेल्या प्लेटचा एक फायदा आहेच. दुसऱ्या कुणाला तुमचा नंबर आपल्या गाडीवर रंगवून फिरणं अवघड होतं.

दुसरी जागा म्हणजे मोबाइल क्रमांक. गाडी बाबांच्या नावावर, घेताना शोरूमवाल्यानं टाकलेला क्रमांक कुठला ते देवाला ठाऊक, आणि चालवता तुम्ही. मेसेज येणार कुठे? ‘मला तर कधी चलानच आलं नाही’ म्हणणाऱ्या निम्म्या मित्रांना मी एकच सांगतो, परिवहनच्या वेबसाइटवर जाऊन गाडीला जोडलेला मोबाइल क्रमांक बदलून घ्या. मेसेज न येणं म्हणजे चलान नसणं नव्हे.

आता खाजगी मोबाइलचा मुद्दा. केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये ऑगस्ट २०२१ मध्ये १६७-अ हा नियम आला. त्यात कोणती उपकरणं चालतील ते दिलं आहे: स्पीड कॅमेरा, सीसीटीव्ही, स्पीड गन, अंगावर लावायचा कॅमेरा, डॅशबोर्ड कॅमेरा, नंबरप्लेट ओळखणारी यंत्रणा वगैरे. उपकरणाला मंजुरीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी नवं करावं लागतं. चलानसोबत गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण, कोणतं कलम मोडलं ते, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं. घटनेपासून १५ दिवसांत नोटीस जायला हवी, आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत रेकॉर्ड जपून ठेवायला हवं.

सॉफ्टवेअरवाल्याला हे वाचून बरं वाटतं, कारण ही सरळ सरळ ऑडिट ट्रेलची भाषा आहे. सरकारी मशीनवर काढलेला फोटो त्याच क्षणी वेळ आणि ठिकाणासह सर्व्हरवर जाऊ शकतो. खाजगी फोनच्या गॅलरीत सकाळी ११ला काढलेला आणि संध्याकाळी ६ला चढवलेला फोटो नेमका कधीचा आणि कुठला, हे सिद्ध करणं कठीण. मधल्या काळात तो क्रॉप झाला का, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरला का, काही कळत नाही. १ जुलै २०२४ला लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश व्हॅल्यू लिहायची जागा आहे. हॅश म्हणजे फाइलचा बोटाचा ठसा: एक पिक्सेल बदलला तरी ठसा बदलतो. पाचशे रुपयांच्या चलानसाठी कुणी हॅश मागत बसत नाही हे मलाही कळतं. पण मागता येतो, हे माहीत असलेलं बरं.

रेकॉर्ड सापडतं कुठे?

एका जागी सापडत नाही, आणि गोंधळाचं मूळ तेच आहे. राज्याच्या वाहतूक पोलिसांची स्वतःची वेबसाइट आणि महाट्रॅफिक अ‍ॅप आहे. तिथे गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाकले की थकलेली चलानं फोटोसकट दिसतात. दुसरी जागा म्हणजे केंद्राची परिवहन ई-चलान वेबसाइट, एनआयसीनं बनवलेली. आरटीओच्या पथकानं केलेलं चलान आणि बऱ्याच इतर राज्यांतली चलानं तिथे असतात. गोव्याला आपली एमएच पासिंगची गाडी घेऊन गेलात आणि तिथे हेल्मेटविना सापडलात, तर ते महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाइटवर शोधून उपयोग नाही. परिवहनवर बघा.

तिसरी जागा बहुतेकांना माहीतच नसते: व्हर्च्युअल कोर्ट. चलान वेळेत भरलं नाही की ते न्यायालयाकडे जाऊ शकतं, आणि मग ते पोलिसांच्या यादीऐवजी इथे सापडतं. महाराष्ट्रात याची सुरुवात ३१ ऑक्टोबर २०२० रोजी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलमधून झाली. इथे मोबाइल क्रमांक, सीएनआर क्रमांक, चलान किंवा गाडीचा नंबर यांवरून शोधता येतं आणि पक्षकाराच्या नावावरूनही. हे शेवटचं मला जरा खटकतं. पोलिसांची वेबसाइट निदान चासीचे आकडे विचारते, इथे नुसतं नाव पुरतं. कोर्टाच्या नोंदी खुल्या असाव्यात हे मान्य, पण हेल्मेटच्या दंडासाठी?

व्हर्च्युअल कोर्टात दोनच रस्ते आहेत. गुन्हा मान्य करून दंड भरला की केस बंद. लढायचं म्हटलं की केस नेहमीच्या न्यायालयात जाते.

पाचशे रुपये की एक दिवसाची रजा

अन्याय झालाच तर तो इथे होतो, असं माझं मत आहे. चुकीचं चलान बहुतेकदा लहान रकमेचं असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपये, नंतर १५००. ऑफिसात बसणारा माणूस हिशोब करतो, ‘जाऊ दे, भरून टाकतो.’ डिलिव्हरी करणाऱ्या पोराला पाचशे म्हणजे दिवसभराचं पेट्रोल आणि जेवण, पण कोर्टात जायचं तर अख्ख्या दिवसाची कमाई बुडते. म्हणजे तोही भरतो. त्यातून गाडी मित्राची असेल तर आणखी भानगड. नोटीस मालकाला येते आणि चालवत कोण होतं हे सांगायची जबाबदारी कलम १३३ प्रमाणे मालकाची. आणि एकदा भरलं की तुम्ही ते मान्य केलंत. पुढच्या वेळी तुमचा ‘दुसरा’ गुन्हा मोजला जाऊ शकतो.

माझ्या रूममेटच्या स्कूटरवर, तो कधी गेलाही नव्हता अशा शहरातलं चलान आलं होतं. फोटो मोठा करून बघितला तर मोटारसायकल, आणि नंबरातला शेवटचा आकडा वेगळा. तोही भरायलाच निघाला होता. मग वेबसाइटवर तक्रार टाकली: स्कूटरचा चारी बाजूंनी फोटो, आरसी, आणि दोन ओळींत मुद्दा की फोटोतलं वाहन दुचाकी असलं तरी स्कूटर नाही. काही आठवडे गेले, पण चलान रद्द झालं. त्यानं जास्त काही लिहिलं नाही म्हणून ते झालं असं मला वाटतं. तक्रारीत पोलीस खात्याच्या कारभारावर निबंध लिहू नका. चलान क्रमांक, काय जुळत नाही ते, आणि पुरावा, एवढंच. फोटोचा स्क्रीनशॉट मात्र सगळ्यात आधी काढून ठेवा.

लोकअदालतीचा मेसेजही असाच नीट वाचायला हवा. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून चार वेळा भरते आणि तिच्याआधी थकलेल्या चलानांच्या नोटिसा मोबाइलवर येतात. लोक घाबरतात, ‘कोर्टाचं समन्स आलं’ म्हणून. तसं नाही. ही तडजोडीची जागा आहे. चलान खरं असेल आणि बरीच साठली असतील तर जाऊन बघा, सवलत मिळेलच असं धरून जाऊ नका. पण चलानच चुकीचं असेल तर तिथे तडजोड करू नका. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. आधी तक्रार, मग बाकीचं.

आणखी एक गोष्ट, जी वकील सांगतात आणि पोर्टल सांगत नाही. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची न्यायालयानं दखल घ्यायला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६८, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ५१४. पण ‘सहा महिने थांबा, चलान आपोआप मरतं’ असे जे रील्स फिरतात ते अर्धवट आहेत. उशीर माफ करायचा अधिकार न्यायालयाला आहे, आणि पोर्टलवरची नोंद स्वतःहून पुसली जात नाही. गाडी विकताना, नावावर करताना ती पुन्हा समोर येते. जुनी गाडी घेणार असाल तर पैसे देण्याआधी या तिन्ही ठिकाणी तिचा नंबर टाकून बघा. विकणाऱ्याकडून आरसीचा फोटो मागा, चासी क्रमांक त्यावरच असतो. द्यायला का-कू करत असेल तर समजून घ्या.

आणि हे सगळं करताना लिंक मात्र स्वतः टाइप करा. चलानच्या नावानं व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल येते, कधी परिवहनचं तर कधी आरटीओचं नाव लावून. २०२४ मध्ये क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीनं अशाच एका टोळीचा माग काढला होता. तिच्या अ‍ॅपनं हजारो फोन बाधित केले होते. पद्धत साधी आहे. अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, तुम्ही दिली की ओटीपी तिकडे जातात. सरकारी वेबसाइटचा पत्ता डॉट जीओव्ही डॉट इननं संपतो, आणि कुठलंही सरकारी खातं दंड भरायला एपीके पाठवत नाही. चुकून टाकलं असेल तर आधी इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा, मग अ‍ॅप काढा. ते आयकॉन लपवतं, म्हणून सेटिंग्जमधल्या सगळ्या अ‍ॅप्सच्या यादीत शोधा. तिथेही काढू देत नसेल तर त्याला दिलेली डिव्हाइस अ‍ॅडमिनची परवानगी आधी बंद करावी लागते.