हायकोर्ट आणि बाकडं

आमच्या अकलूजकडं भांडण बांधावरून सुरू होतं आणि "तुला हायकोर्ट दाखवतो" इथं येऊन थांबतं. गंमत म्हणजे बोलणाऱ्यानं ते स्वतःही बघितलेलं नसतं. तालुक्याचं कोर्ट माळशिरसला, जिल्ह्याचं सोलापूरला आणि हायकोर्ट पार तीनशेच्या आसपास किलोमीटरवर, मुंबईत. तर मागे मी हेरिटेज वॉकला जाऊन ते एकदाचं बघून आलो. तेव्हापासून एक विचार डोक्यात घोळतोय, तो आज इथं उतरवतो.

इमारत जबरदस्त आहे, वादच नाही. कर्नल जेम्स फुलर या लष्करी इंजिनिअरनं तिचा आराखडा केला. एप्रिल १८७१ मध्ये काम सुरू झालं, नोव्हेंबर १८७८ मध्ये संपलं, आणि जानेवारी १८७९ मध्ये न्यायाधीश तिथं बसायला लागले. त्याआधी १८६२ पासून हे हायकोर्ट अपोलो स्ट्रीटवरच्या एका जुन्या वास्तूत चालायचं. नव्या इमारतीची लांबी ५६२ फूट आणि मधल्या मनोऱ्याची उंची १७८ फूट. काळा दगड, टोकदार कमानी, नक्षीला पोरबंदरचा दगड. खर्च आला १६,४४,५२८ रुपये, म्हणजे मंजूर अंदाजापेक्षा २,६६८ रुपये कमी! (आमच्या क्षेत्रात असा प्रोजेक्ट मी अजून पाहिलेला नाही. साडेसात वर्षं लागली, ते मात्र अगदी ओळखीचं वाटलं.)

वर न्याय आणि दया यांचे पुतळे आहेत. खांबांवर बघाल तर एक माकड, एका डोळ्याला पट्टी, हातात तराजू. वकिलाच्या वेशातला कोल्हाही आहे. एका पारशी कंत्राटदारानं खटला हरल्याचा राग असा दगडात काढला, अशी दंतकथा सांगतात. खरी असो नसो, दीडशे वर्षं कोणी ते माकड खरवडून काढलं नाही, हे मला जास्त आवडलं.

मधल्या मोठ्या दालनात जुलै १९०८ मध्ये लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला चालला. नऊ ज्यूरींपैकी सात जणांनी दोषी म्हटलं, दोघांनी नाही. न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षांची शिक्षा ठोठावली आणि टिळक मंडालेला गेले. त्याच दालनाबाहेर आता टिळकांच्या शब्दांची संगमरवरी पाटी आहे, १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागलांच्या हस्ते लागलेली. आपल्या चुकीची पाटी आपल्याच दारावर लावणारी संस्था मला मोठी वाटते.

हे सगळं बघून भारावलो. पण जिन्याशी येऊन अडकलो. न्यायाधीशांचे खाजगी जिने त्या दोन अष्टकोनी मनोऱ्यांत. वकिलांचा जिना वेगळा. लोकांनी पूर्वेकडच्या मोठ्या जिन्यानं चढायचं. म्हणजे कोण कुठून येणार, कुठं जाणार, याचा विचार फुलरसाहेबानं नीट केलेला आहे. फक्त पक्षकार सकाळी दहापासून पाच वाजेपर्यंत नुसता बसून असतो, हा विचार कुठल्याच काळातल्या कोर्टाच्या नकाशात ठळकपणे दिसत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर ज्याच्यासाठी सिस्टीम बनवली, तो युजरच रिक्वायरमेंटमध्ये नाही. तालुक्याच्या कोर्टाला ही उणीव झाडं भरून काढतात. लिंबाखाली टायपिस्ट, शेजारी स्टॅम्पवाला, पलीकडं चहा. फाईलची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली म्हातारी माणसं. खरं कोर्ट तिथंच भरतं म्हणा ना.

हे आत्ताच सांगायचं कारण असं की सध्या तीन इमारतींचं भवितव्य ठरतंय. मुंबई हायकोर्टासाठी वांद्र्याला नवं संकुल होतंय, ५ नोव्हेंबर २०२५ ला त्याची पायाभरणी झाली. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई तिथं म्हणाले की हे पंचतारांकित-सप्ततारांकित हॉटेल होऊ नये. अगदी बरोबर. आणि कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच सुरू झालंय. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, एवढ्या जिल्ह्यांसाठी. वकिलांनी त्यासाठी दशकानुदशकं आंदोलनं केली. काम चालतं ते सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या जिल्हा न्यायालयाच्या राधाबाई इमारतीत. रिकामी पडलेली जुनी वास्तू दुरुस्त करून पुन्हा त्याच कामाला लावली, हे मला फार पटलं. कायमच्या इमारतीसाठी शेंडा पार्कात २५ एकर जागा आहे.

माझं म्हणणं दोन ओळींचं आहे. फुलरच्या इमारतीतून सगळा कारभार हलवून तिचं नुसतं म्युझियम करू नका, दोन-चार कोर्टं तरी तिथं भरू द्या. २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेली ती वास्तू अजून कामावर आहे, म्हणून तर जिवंत वाटते. आणि शेंडा पार्कातल्या नकाशात घुमटाची उंची ठरवण्याआधी बाकडी मोजा. पाठ टेकता येईल अशी, पंख्याखाली, पुकारा ऐकू येईल इतक्या अंतरावर. शेजारी पाणी आणि बायकांसाठी स्वच्छ संडास. यात वास्तुकला नाही असं कोणी म्हणेल. मला तर हीच अवघड वास्तुकला वाटते.

आता काही जण विचारतील, अकलूजला पुणं जवळ पडलं नसतं का? पडलं असतं. इंदापूरमार्गे सरळ रस्ता. पण कोल्हापूरही मुंबईपेक्षा शंभरेक किलोमीटरनं जवळ आहे, आणि मुख्य म्हणजे तिथं मुक्कामाचा खर्च परवडतो.

गल्लीतल्या एका काकांची तारीख आहे पुढच्या महिन्यात. काल विचारत होते, कसं जायचं. वेळापूर, महूद, सांगोला, मिरज, असं सांगितलं. "आणि तिथं बसायला असतंय का रं काय?" म्हणाले. म्हटलं, बघून या आणि मलाही सांगा.