कुत्र्याच्या पाकिटात कोण आहे?

आमच्या घरांत कांदा-लसूण चालत नाही. पाणी गाळून घेतलं जातं. दशलक्षणात तर हिरवी भाजीसुद्धा ताटातून जाते. आणि त्याच घरात जिन्याखाली कुत्र्याच्या खाण्याची दहा किलोची पिशवी उभी असते. तिच्यावर कोंबडीचं चित्र. विचारलं, की उत्तर ठरलेलं : "अहो काकू, ते मांस कुठं? डॉग फूड आहे ते. कोरडे दाणे नुसते." बेळगावात हे उत्तर इतक्या घरांत ऐकलंय, की आता स्पष्ट बोलायलाच हवं.

माझं भांडण कुत्र्याशी नाही. श्रावकाने टाळायच्या पंधरा धंद्यांत असतीपोषण येतं, हे मलाही ठाऊक आहे. पण ती चर्चा पिल्लू घरात आणण्याआधी करायची. आणल्यावर त्याचं पोट आपल्या जबाबदारीचं. माझं भांडण आहे ते पिशवी घेताना मिटलेल्या डोळ्यांशी. आपण मांस खात नाही, म्हणून मांसाबद्दल काही विचारायचं नाही, हा कुठला न्याय?

पाकिटावर घटकांची यादी असते. पहिलं नाव चिकन दिसलं, की आपण निर्धास्त. ही यादी सहसा शिजवण्याआधीच्या वजनावर लावतात. ताज्या कोंबडीत सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ते उडाल्यावर पहिल्या नंबरची कोंबडी मक्याच्या आणि तांदळाच्या मागे जाऊन बसते.

नावाचीही गंमत आहे. अमेरिकेत पशुखाद्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या संघटनेने शब्दांची उतरंड ठरवलेली आहे. नुसतं 'चिकन' म्हणायचं तर पाणी सोडून ९५ टक्के चिकन हवं. 'चिकन डिनर' म्हटलं की २५ टक्के पुरतं. 'विथ चिकन'ला ३ टक्के बस्स. आणि 'चिकन फ्लेवर'ला फक्त चव लागली तरी झालं. आपल्या दुकानातली पाकिटं हेच शब्द मिरवतात. चित्र मात्र सगळ्यांवर अख्ख्या कोंबडीचं!

मग म्हणतात, प्रोटीनचा आकडा बघा. बघा की. पण तो आकडा काढतात कसा? नायट्रोजन मोजायचा आणि सव्वासहाने गुणायचं. नायट्रोजन मांसात असतो, तसा पिसांत, केसांत, खुरांतही असतो. २००७ साली अमेरिकेत याच खाचेतून घात झाला. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलेलं होतं. प्रोटीनचा आकडा फुगला, आणि कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली. कोट्यवधी डबे-पाकिटं परत घ्यावी लागली.

'बाय-प्रॉडक्ट' वाचून नाक मुरडणाऱ्यांशीही माझं जमत नाही. काळीज, फुप्फुस, पोटा हे कुत्र्याला चांगलंच. एक जीव गेलाच आहे, तर त्याचा निम्मा भाग फेकून देण्यात कसली अहिंसा? प्रश्न अवयवाचा नाही, जनावराचा आहे. 'मीट' म्हणजे कुणाचं? ते जनावर तपासणीत पास होऊन कापलं गेलं, की आजारी पडून मेलेलं उचललं? युरोपात २००९च्या नियमाने मेलेल्या जनावराचं मांस पाळीव प्राण्यांच्या खाण्यात घालायला बंदी आहे. आपला २००६चा अन्नसुरक्षा कायदा 'अन्न' म्हणजे माणसाचं अन्न इतकंच म्हणतो. पशुखाद्य त्यातून वगळलंय. भारतीय मानक ब्युरोचं मानक आहे, आयएस ११९६८. किती जणींनी पाकिटावर त्याचा उल्लेख शोधलाय?

पाकिटावर उत्पादकाचा पत्ता आणि तक्रारीसाठी फोन नंबर छापणं मात्र सक्तीचं आहे. मी एका कंपनीला फोन लावला. विचारलं, मीट कुठल्या जनावराचं? उत्तर आलं, "मॅडम, बेस्ट क्वालिटी आहे." कुठल्या कत्तलखान्यातलं? "मॅडम, तुम्ही व्हेज आहात का?" म्हणजे व्हेज बाईनं हा प्रश्न विचारू नये, असं त्यांनीही गृहीतच धरलेलं! आपल्या या सोवळ्यावरच तर हा धंदा चालतो.

बस्तीत आपण काय ऐकतो? कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलेली हिंसा, करवून घेतलेली हिंसा आणि तिला दिलेली संमती. पिशवीचे पैसे मोजले की आपण दुसऱ्या पायरीवर उभ्या आहोत. 'मी बघितलंच नाही' म्हटल्याने खाली उतरता येत नाही. उलट तिसरीही पदरात पडते.

कुणी म्हणेल, मग दूधभात घाला. नुसत्या दूधभातावर कुत्र्याला वर्षानुवर्षं ठेवणं म्हणजे त्याची उपासमार, तीही हिंसाच. कुत्र्याला धान्य पचतं. जनावरांच्या डॉक्टरांकडून नीट आखून घेतलेल्या शाकाहारावर ते राहू शकतं. मांजर नाही राहू शकत, तिला टॉरिन निसर्गतः मांसातून मिळतं. ज्यांना शाकाहार जमेल त्यांनी तो पुरता, डॉक्टरांना विचारून करावा. ज्यांना जमणार नाही त्यांनी मांस आणावं, पण विचारून आणावं.

तीनच प्रश्न. कुठलं जनावर? कुठल्या कत्तलखान्यातलं, तपासलेलं का? एकूण वजनात त्याचा वाटा किती? दुकानदाराला विचारा, कंपनीला विचारा, उत्तर नाही मिळालं तर पाकीट तिथंच ठेवा. आणि ही तिन्ही उत्तरं छापणं सक्तीचं करा, ही मागणी मांसाहारी घरांच्या आधी आपल्या घरांतून गेली पाहिजे. मुंगीसाठी दिवा लागायच्या आत जेवणाऱ्यांना, आपल्या पैशांनी कापलेल्या जिवाचं नाव तरी माहीत असावं.