विश्लेषण : ‘अंतरा’ गर्भनिरोधक इंजेक्शन किती सुरक्षित? घेण्याआधी काय विचारावे?

अमेरिकेत ‘डेपो-प्रोव्हेरा’ या गर्भनिरोधक इंजेक्शनवरून फायझर कंपनीविरोधात खटले सुरू आहेत. त्याच औषधाचे इंजेक्शन भारतात ‘अंतरा’ नावाने सरकारी दवाखान्यांत मोफत मिळते. त्यामुळे नागपुरात डागा, मेयो किंवा मेडिकलमध्ये जाणाऱ्या महिलेलाही प्रश्न पडू शकतो : हे घ्यावे की नाही?

‘अंतरा’ काय आहे?

यात मेडरॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक असते. ते अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडू देत नाही. एका इंजेक्शनचा परिणाम तीन महिने राहतो. रोज गोळी लक्षात ठेवायला नको, तांबी बसवायला नको. २०१७ मध्ये केंद्र सरकारने ज्या पहिल्या दहा राज्यांत ते आणले, त्यांत महाराष्ट्र होता.

आधी विरोध का झाला?

१९८५ मध्ये हैदराबादजवळील पटांचेरू येथे ‘नेट-एन’ या दुसऱ्या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचणीत महिलांना पुरेशी माहिती दिली गेली नसल्याचे समोर आले. १९८६ मध्ये स्त्री शक्ती संघटना, सहेली आदी संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आक्षेप औषधाइतकाच ते देण्याच्या पद्धतीवर होता. तो प्रश्न आजही जुना झालेला नाही.

मेंदूच्या गाठीचा धोका किती?

२०२४ मध्ये ‘बीएमजे’त आलेल्या फ्रान्समधील अभ्यासात, हे इंजेक्शन वर्षभर किंवा अधिक काळ घेणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रिया करावी लागणाऱ्या मेनिंजिओमाचा धोका सुमारे साडेपाच पट आढळला. आकडा मोठा वाटतो, पण ही गाठ मुळात दुर्मीळ आहे आणि बहुतेक वेळा कर्करोगाची नसते. तरीही ती पूर्वी झाली असेल, तर हे इंजेक्शन नको. सतत डोके दुखणे, दिसण्यात किंवा ऐकण्यात फरक पडणे, अशा तक्रारी अंगावर काढू नयेत. दीर्घ वापराने हाडांची घनताही कमी होते. इंजेक्शन थांबवल्यावर ती बरीचशी भरून येते.

पहिल्या इंजेक्शनआधी काय सांगावे?

रक्तदाब तपासून घ्यावा. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, हृदयविकार, यकृताचा गंभीर आजार, गुंतागुंतीचा मधुमेह किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर डॉक्टरांपासून लपवू नये. अंगावर पाजणाऱ्या आईने प्रसूतीनंतर सहा आठवडे थांबावे.

तारीख का पाळायची?

वेळेवर इंजेक्शन घेणाऱ्या हजार महिलांपैकी वर्षभरात साधारण दोघींना गर्भ राहतो. प्रत्यक्षात तारखा चुकतात, म्हणून हे प्रमाण शंभरात चारपर्यंत जाते. पुढचा डोस ठरल्या तारखेच्या दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे नंतरपर्यंत चालतो. त्याहून उशीर झाला, तर आधी गर्भ नसल्याची खात्री करावी लागते. लग्नसराईत किंवा बाळंतपणासाठी कुणाच्या घरी जाताना ‘अंतरा’ कार्ड पिशवीत ठेवावे. ते पाहून वर्धा-भंडाऱ्यातल्या आरोग्य केंद्रालाही मागच्या डोसची तारीख कळते. इंजेक्शनची जागा चोळू नये, शेकू नये.

पाळी थांबली तर?

सुरुवातीला मधूनमधून डाग पडतात. वर्षभरानंतर सुमारे निम्म्या महिलांची पाळी थांबते. ‘घाण रक्त पोटात साठते’ ही समजूत चुकीची आहे. गर्भाशयाचे अस्तरच जाड होत नाही, म्हणून पाळी येत नाही. मात्र खूप रक्तस्राव झाला, तर लगेच दवाखाना गाठावा. मूल हवे असेल, तर शेवटच्या इंजेक्शननंतर सात ते दहा महिने लागू शकतात. एचआयव्ही आणि इतर लैंगिक आजारांपासून मात्र हे इंजेक्शन वाचवत नाही; त्यासाठी निरोध लागतोच.

यातली कोणतीही गोष्ट आधी सांगितली, तर महिला तयार असते. न सांगता पाळी बिघडली, की ती घाबरते, पुढचा डोस चुकवते आणि नको असलेला गर्भ राहतो. म्हणून सुई टोचण्याआधीची दहा मिनिटांची बोलणीही या उपचाराचाच भाग आहेत. ती कुणी केली नाहीत, तर मागून घेणे हा महिलेचा हक्क आहे.