विश्वासाचा हिशेब

अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसलेले कुटुंब डॉक्टरची पारख करण्याच्या मनःस्थितीत नसते. आत रुग्णाचा श्वास यंत्राच्या आधारे चाललेला असतो आणि श्वसनविकारतज्ज्ञ सांगेल त्या कागदावर नातलग सही करतात. औषध कोणत्या कंपनीचे आणि तेच का, हे विचारण्याचे धैर्य तेव्हा कोणाला होणार? या अगतिकतेमुळेच तज्ज्ञाचा निर्णय निखळ वैद्यकीय असणे, ही केवळ त्याची व्यक्तिगत बाब राहत नाही.

अमेरिकेने हे ओळखून २०१० मध्ये कायदा केला. औषध आणि उपकरण कंपन्या डॉक्टरांना देत असलेले भोजन, प्रवासखर्च, व्याख्यानांचे मानधन, सल्लाशुल्क या सर्वांची माहिती शासनाला देणे त्यांच्यावर बंधनकारक झाले. ३० सप्टेंबर २०१४ पासून या नोंदी जनतेसाठी खुल्या आहेत. डॉक्टरची विशेषज्ञता कोणती आणि त्याला कोणाकडून किती रक्कम मिळाली, हे कोणीही पाहू शकतो. यादीत नाव असणे हा अपराध नव्हे. संशोधनासाठीचा निधी आणि तारांकित हॉटेलातील मेजवानी यांत अंतर आहेच. पण ते जोखण्याचा अधिकार रुग्णाला मिळाला, हे महत्त्वाचे.

आपल्याकडे काय स्थिती आहे? भारतीय वैद्यक परिषदेने डिसेंबर २००९ मध्येच कंपन्यांच्या भेटवस्तू व सहली डॉक्टरांना निषिद्ध ठरविल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एपेक्स लॅबोरेटरीज प्रकरणात अशा खर्चाला आयकरातील वजावट नाकारली. या खैरातीचा भार औषधाच्या किमतीतून अखेर रुग्णावरच पडतो, हेही दाखवून दिले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची ऑगस्ट २०२३ ची नियमावली मात्र त्याच महिन्यात स्थगित झाली. मार्च २०२४ मध्ये केंद्राने औषधविपणनाची नवी संहिता आणली. म्हणजे निषेध आहे, न्यायनिर्णय आहे. नाही ती सामान्य माणसाला पाहता येईल अशी डॉक्टरनिहाय नोंदवही.

द्रव्यासाठी नव्हे, तर भूतदयेने केलेली चिकित्सा श्रेष्ठ, हा चरकसंहितेचा आदर्श आहे. त्या आदर्शाला जागणारे असंख्य डॉक्टर आजही आहेत. उघड्या नोंदवहीचे भय त्यांना नाही; उलट, संशयाच्या सरसकट सावलीतून त्यांना तीच मुक्त करील. ज्या हाती आपण आप्तांचा श्वास सोपवतो, ते हात मोकळे आहेत की बांधलेले, एवढे जाणण्याचा अधिकार समाजाने आता आग्रहाने मागितला पाहिजे.